जुना माल गिऱ्हाइकाला परत

डोळखांब, ता. शहापूर
रविवार, १४ सप्टेंबर २०२५, सकाळी ६.४०

ती. सौ. रविनाताईस,
सा. न. वि. वि.

हे लिहायला घेतलं तेव्हा मी ओटीवर कॉम्प्युटरसमोर बसलो होतो आणि बटण दाबून पाहत होतो. काल रात्रीपासून किती वेळा दाबलं ते आता मोजत नाही.

काल फोनवर मला नीट सांगता आलं नाही. तू म्हणालीस, "तू घाबरून बोलतोस. शेवट आधी सांगतोस नि सुरुवात गिळतोस. त्यापेक्षा तारीख, वेळ, काय करत होतास, सगळं लिहून पाठव." म्हणून लिहितो आहे. पंढरीची जीप किन्हवलीवरून मुरबाडला येते. तो तुझ्या दुरुस्तीच्या दुकानासमोरच उभा राहतो म्हणाला, त्याच्याकडे देईन.

मशीनचं असं आहे. बटण दाबलं की आतला पंखा फिरतो, पुढचा हिरवा दिवा लागतो. पडद्यावर "नो सिग्नल" येतं आणि पडदा काळा होतो. पूर्वी चालू करताना आतून एक बारीक "टीं" आवाज यायचा, तो आता येत नाही. पडद्याची वायर मी दोन्ही बाजूंनी काढून परत लावली. शेजारच्या सकुबाईच्या घरातल्या प्लगवरही लावून पाहिलं. तेच.

भाताची आवणी उरकल्यावर, वीस जुलैला, मी भिवंडीच्या गोदामात कामाला गेलो ते प्रिंटरचे पैसे जमवायला, हे तुला माहीत आहे. जाताना मशीन चांगलं चालत होतं. बंद करून, वायर काढून, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून टेबलावर ठेवलं होतं. गणपतीच्या आदल्या दिवशी परत आलो. तेव्हा ते तसंच लुगड्यात, तिथेच होतं. विसर्जनानंतर चालू केलं, ते हे असं.

ताई, गोदामाच्या मुकादमाने माझी जागा दसऱ्यापर्यंत राखून ठेवली आहे. कायमची जागा. मशीन चालू झालं तर मी इथेच राहून लोकांचे फॉर्म भरीन, पत्रिका टाइप करीन. नाही झालं तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भिवंडीला जाईन आणि मग कापणीलाही येणार नाही. घरात असं सांगून टाकलं आहे. आई रडली. आबांनी बिडी पेटवली.

काय करू ते लिही.

तुझा,
संदेश

*

मुरबाड
मंगळवार, १६ सप्टेंबर

संदेश,

तुझं पत्र वाचायला मला एक कप चहा लागला. "सा. न. वि. वि." बघून हे म्हणाले, कोर्टाची नोटीस आली का? बरं, राग मानू नको. असं लिहिलंस म्हणून निदान कळलं तरी. फोनवर तू तीनदा "म्हणजे" म्हणालास आणि रेंज गेली.

आता मी सांगते तसं कर आणि एका वेळी एकच कर. घाईत दोन गोष्टी बदलल्यास तर कशाने काय झालं ते तुला पण नाय कळणार नि मला पण नाय.

आधी मागची वायर काढ. काढलीस? परत बघ. मग लोखंडी खिडकीला हात लाव, अंगातली वीज जाऊ दे. बाजूचं झाकण उघड. रॅमची पट्टी काढ. तिच्या खालची पिवळी बोटं शाळेच्या खोडरबराने घास, पांढऱ्या खोडरबराने, शाईच्या नाय. परत बसव, दोन्ही बाजूंना टक् वाजलं पाहिजे. चालू कर.

नाय झालं तर पट्टी पूर्ण काढून चालू कर. पट्टी नसताना बोर्डाने ओरडलं पाहिजे, लांब टीं टीं करून. ओरडला तर बोर्ड जिवंत आहे. गप्प बसला तर लिही.

बोर्डावर छोटे डबे उभे असतात, त्यांची डोकी सपाट आहेत का फुगलीत ते बॅटरीच्या उजेडात बघ. बोट लावू नको.

आणि मुकादमाचं मला सांगू नको. मशीनचं मशीनजवळ, रागाचं रागाजवळ. काकांना नमस्कार सांग, मावशीला सांग पुढच्या वेळी पंढरीबरोबर काकडी पाठव, तुझ्याकडची.

रविना

*

डोळखांब
गुरुवार, १८ सप्टेंबर, दुपारी २.१५

ती. रविनाताईस, सा. न.

आत्ता मी जेवून हात धुतले आहेत, कारण सकाळपासून ते तुझ्या यादीतल्या कामात होते. खोडरबर भूमिकाच्या दप्तरातून घेतला. ती म्हणाली, "दादा, माझ्या भूमितीचं काय?" तिला नवीन घेऊन दिला.

पट्टी घासली. खोडरबर काळा झाला. बसवली, चालू केलं. एकदाच, फक्त एकदाच, "टीं" झालं. ताई, मी इतक्या जोरात उठलो की स्टूल पडलं. पण पडदा काळाच राहिला, आणि परत बंद करून चालू केलं तर आवाजही नाही. पट्टी काढून चालू केलं, बोर्ड ओरडला नाही. गप्प. डब्यांची डोकी सपाट आहेत. आत काळपट धूळ बरीच होती, ती मी रंगाच्या नव्या ब्रशने झाडली.

आता एक गोष्ट लिहितो. तू रागाचं रागाजवळ ठेवायला सांगितलंस, पण हे मशीनचंही आहे. झाकण उघडताना दिसलं, कॅबिनेटच्या दोन्ही बाजूंना रंग घासला गेला आहे. सरळ, आडवा, दोरीने घासावा तसा. मी जाताना हे नव्हतं. म्हणजे मी नसताना कोणीतरी मशीन दोरीने बांधलं होतं.

मी आबांना विचारलं. सगळं जसंच्या तसं लिहितो.

"आबा, मी नसताना मशीन कोणी हलवलं?"
"मी."
"का?"
"हलवावासा वाटला."
"कुठे नेलं होतं?"
"तुला काय करायचाय? परत जाग्यावर हाय ना?"

आणि उठून बांधावर गेले.

जूनमध्ये ते मला म्हणाले होते, "हा खोका इक, नि त्या पैशात बियानं घे." आता मला समजलं आहे. त्यांनी ते पंढरीच्या नाहीतर दुसऱ्या कोणाच्या जीपच्या टपावर बांधून विकायला नेलं, गिऱ्हाईक मिळालं नाही, तसंच परत आणून लुगड्यात गुंडाळून ठेवलं. रस्त्यातल्या हादऱ्याने बोर्ड गेला. आतली धूळ रस्त्याची आहे.

मी त्यांना यातलं काही म्हणालो नाही. तेव्हापासून बोलतच नाही.

मदरबोर्ड काढून, रॅम आणि प्रोसेसरसकट खोक्यात ठेवून पाठवतो आहे. खाली पुठ्ठा घातला आहे. वर दोन काकड्या वेगळ्या पिशवीत आहेत, त्यांचं पाणी बोर्डाला लागू नये.

तुझा, संदेश

*

मुरबाड
सोमवार, २२ सप्टेंबर

संदेश,

काकडी गोड निघाली. बोर्ड कडू.

आधी एक सांग बाबा, भर पावसाळ्यात रस्त्याला धूळ कुठली रे? आमच्याकडे तर चिखलात दुकानाची पायरी दिसत नाय. तू ब्रशने झाडलीस ती वरवरची. खाली बोर्डावर एक थर बसलाय, काळा, चिकट, नखाने खरवडला तर मेणासारखा गोळा होतो. रॅमच्या खाचेत तोच, प्रोसेसरच्या पंख्यात तोच. त्यात दमट हवा मुरली की बोर्डाच्या वाटा एकमेकींना मिळतात, मग तो आंधळा नि मुका होतो. तुझा एकदाचा "टीं" त्यातूनच आला बिचारा. जीपच्या हादऱ्याने असं होत नाय.

पंख्याच्या पात्यात काय काय निघालं ते ऐक. लसणीची साल. भाताचा कोंडा. आणि एक सुकटीचा डोळा. खरंच, डोळा! हे म्हणाले, मशीन आहे का सांबार?

म्हणून खरं सांग, हे मशीन तुमच्याकडे स्वयंपाकघरात ठेवलं होतं का? नुसतं ठेवलं नाय, बरेच दिवस ठेवलं होतं?

बोर्डावरचा गोल सेल पण उतरलाय, तो बदलणार आहे. जुना सेल तुला परत मिळेल. आमच्या दुकानात पाटीच आहे, "जुना माल गिऱ्हाइकाला परत". नायतर लोक म्हणतात चांगला पार्ट काढून घेतला. बोर्ड स्पिरिटने धुवायला घेतलाय. वाचेल का ते आता नाय सांगत, दोन दिवस सुकू दे.

काकांशी बोल जरा. तुझ्या बापाला मी लहानपणापासून ओळखते. ते काही विकायला गेले तर किंमत न विचारताच परत येतील.

रविना

*

डोळखांब
बुधवार, २४ सप्टेंबर, सायंकाळी ७.०५

ती. रविनाताईस, सा. न.

तुझं पत्र मी जेवताना वाचलं आणि तसाच उठलो. आता ओटीवर बसून लिहितो आहे.

मशीन स्वयंपाकघरात कधीही नव्हतं. मी त्याच्या जवळ पाण्याचा तांब्यासुद्धा ठेवत नाही. भूमिकाला त्याच्या टेबलावर डबा उघडू देत नाही. तू माझ्यावर असा संशय घेशील असं वाटलं नव्हतं. लसणीची साल आणि सुकट हे उलट माझ्याच म्हणण्याचा पुरावा आहे. आबांनी ते डोळखांबच्या एखाद्या भजीवाल्याकडे नाहीतर खानावळीत ठेवलं असणार, विकलं जाईपर्यंत. तिथेच धूर लागला. मी दुपारीच स्टँडवरच्या दोन्ही चहावाल्यांना विचारून आलो. दोघेही म्हणाले, "आमी नाय बाबा पाहिला." पण ते आबांचे ओळखीचे आहेत.

ताई, कोणी मला तोंडावर सांगितलं असतं, की हो, तुझा खोका विकायला काढला होता, तर मी एवढा जळलो नसतो. पण माझ्याच घरात, माझ्या मागे, आणि वर लुगड्यात जसाच्या तसा गुंडाळून. जणू मला कळणारच नाही.

बोर्ड वाचला तरी मी थांबेन का, आता माहीत नाही. पिशवी भरून ठेवली आहे. मुकादमाला शुक्रवार, तीन तारीख सांगितली आहे.

तू बोर्ड मात्र धू. अर्धवट सोडू नकोस. अर्धवट सोडलेलं मला झोपू देत नाही.

संदेश

*

डोळखांब
गुरुवार

(रविनाताई, मी भूमिका. आई सांगते आहे तसंच लिहिते, दुरुस्त करायचं नाही म्हणाली. दादा ओढ्यावर गेला आहे.)

गो रविना,

मी तुझी मावशी सरस्वती. तुझी चिठ्ठी वाचून संदेश ताटावरून उठला. "माझं मशीन सैपाकघरात कशाला जाईल," म्हनला. मी भाकरी थापीत व्हते, माझा हातच थांबला.

गो, ते मीच ठेवला व्हता माळ्यावर. चुलीवरच्या.

तो भिवंडीला गेला नि पावसानं असा धरला की वटीच्या भिंतीला पानी सुटला. वरचा लुगडा ओला. मला वाटला, पोरानं पै पै करून आनलाय, कुजून जाईल. आमी बियानं नाय का ठेवत माळ्यावर? भाताचा, नाचनीचा, काकडीचा. लसूण ठेवतो, सुकट ठेवतो. कदी ओल लागली? कदी कीड लागली? मग पेटीला काय व्हनार? ह्यांना म्हनला, चढवा. त्यांनी दोरी बांधून चढवला, मी खालून रेटला. महिनाभर, सांजेला सैपाक झाला तरी मी चूल इझू दिली नाय. लाकडा जास्तीची घातली, पेटीला धूर लागावा म्हनून.

तो येनार त्या दिवशी उतरवून पुसून ठेवला. सांगनारच व्हते, मोठ्या तोऱ्यात सांगनार व्हते. तवर तो म्हनला कोनी तरी मशीन मारला. मग कशी सांगू गो?

मी सांगाया निघाले तं हे म्हनले, "तू गप ऱ्हा. पोरगा माझ्यावर चिडलाय तं चिडू दे, मला सवय हाय. तुझ्यावर चिडला तं तो जेवनार नाय नि तू पन जेवनार नाय."

आता तो कायमचा चाललाय, नि बापाशी बोलत नाय. हे रोज वटीवर त्याच्या समोर बसतात, बिडी पेटवतात, इझवतात. तो भिताडाकडं तोंड करतो.

तू त्याला माझा नाव सांगू नको, तुला माझी आन हाय. पन मशीन मातर चालू कर.

(आई रडते आहे. काकडी संपली असेल तर कळव म्हणते. – भूमिका)

*

मुरबाड
२७ सप्टेंबर

मावशी,

वाचलं. सांगणार नाय. तोंडाने नाय, लिहून पण नाय. बाकी माझ्यावर सोड. भूमिका, ही चिठ्ठी चुलीत घाल.

रविना

*

मुरबाड
मंगळवार, ३० सप्टेंबर

संदेश,

बोर्ड वाचला.

तीनदा धुतला. पहिल्या धुण्याचं स्पिरिट काळ्या चहासारखं निघालं. टेबलावर पुठ्ठ्यावर ठेवून नुसता प्रोसेसर आणि रॅम लावून चालू केला, आणि तुझा "टीं" आला. मी सहा वेळा बंद करून चालू केला, सहा वेळा आला. हे म्हणाले, "बस कर, आता तो तरी कंटाळेल."

बोर्ड बसवताना खालचे पितळी खांब जागेवर आहेत का बघ, स्क्रू कोपऱ्याकोपऱ्याने आवळ, एकदम नाय.

तुझ्या मागच्या पत्राला मी काही उत्तर देत नाय. तू काय समजायचं ते समजलास. पण दुकानाचा नियम मला मोडता येत नाय, जुना माल गिऱ्हाइकाला परत. खोक्यात दोन पुड्या आहेत. लहान पुडीत उतरलेला सेल. मोठ्या पुडीत बोर्डावरून खरवडलेलं सगळं, साल, कोंडा आणि त्या डोळ्यासकट.

मोठी पुडी घरात उघडू नको. घरातल्या माणसाला घरचं कळत नाय. पंढरीकडून खोका घेशील तिथेच स्टँडवर, मोकळ्या हवेत उघड. नाकाजवळ ने. हसू नको, ने.

मग तुला जायचं तर जा भिवंडीला. मी अडवणार नाय.

रविना

*

डोळखांब
शुक्रवार, ३ ऑक्टोबर २०२५, सकाळी ११.२०

ती. रविनाताईस, सा. न. वि. वि.

या वेळी मी भिवंडीत असणार होतो. त्याऐवजी ओटीवर बसून हातातली कुसळं काढत होतो, आणि ती निघाली तेव्हा लिहायला घेतलं. मशीन शेजारी चालू आहे. प्रिंटर नसल्यामुळे पत्र हातानेच लिहितो आहे.

बुधवारी संध्याकाळी पंढरीने खोका दिला. मी स्टँडवर, पिंपळाखाली उभा राहून पुडी उघडली. तू म्हणालीस म्हणून नाकाजवळ नेली. पंढरी म्हणाला, "काय रे, तपकीर सुरू केलीस का?"

ताई, भिवंडीला पहिल्या दिवशी खोलीवर पिशवी उघडली, तेव्हा हाच वास आला होता. माझ्या सगळ्या कपड्यांना होता. सात पोरं त्या खोलीत होती. मी पिशवी लगेच बंद केली होती आणि त्या दिवशी कपडे बदलले नव्हते.

भजीवाल्याकडे असा वास नसतो. तिथे तेलाचा असतो. हा आमच्या माळ्याचा होता. मग मला दोरी समजली. आडवी का घासली, दोन्ही बाजूंना का, सगळं समजलं. आणि माळ्यावर काय ठेवायचं, काय काढायचं, हे आमच्या घरात आबा ठरवत नाहीत, हेही समजलं.

पंढरीने हाक मारली तेव्हा कळलं की त्याची जीप भरून निघाली होती आणि मी तिच्या वाटेत उभा होतो.

घरी आलो. आबा मागच्या दारी कोयतीला धार लावत होते. मी जवळ बसलो. किती दिवसांनी बसलो ते त्यांनाही माहीत होतं. मी विचारलं, "आबा, माळ्यावर चढवताना दोरी एकट्याने ओढलीत?"

त्यांनी धार लावायची थांबवली नाही. म्हणाले, "नाय. तुझ्या आयशीनं खालून रेटला." मग हात थांबवून म्हणाले, "हलू बोल. आत भाकरी करते."

मी म्हणालो, "मी तुम्हाला चोर समजलो."

"समजलास. म्हनला नाहीस. तेवढा शिकलेला हायस."

मग त्यांनी धार बोटाने पाहिली आणि कोयती माझ्याकडे दिली. मीही पाहिली.

काल दसरा. सकाळी बोर्ड बसवला. स्क्रू कोपऱ्याकोपऱ्याने आवळले. आबांनी ओटीवर पूजेसाठी पाट मांडला होता, त्यावर कोयत्या, विळे, कुऱ्हाड, आणि उजव्या बाजूला जागा रिकामी होती. म्हणाले, "पेटी ठेव." मी म्हणालो, आधी चालू करून बघू, बंद मशीनची पूजा कशाला? मी वायर लावली, बटण भूमिकाने दाबलं. पंखा फिरला. "टीं." पडद्यावर अक्षरं आली, आणि आई म्हणाली, "आला गो बाय माझा!"

मग तिने विचारलं, "काय झाला व्हता रे त्याला?"

ताई, मी आजवर कोणाच्या पत्रिकेत तिथी चुकू दिली नाही. पण मी खिशातून लहान पुडी काढली, जुना सेल तिच्या हातावर ठेवला आणि म्हणालो, "हा गेला होता. बाकी काही नाही." सेल खरोखर उतरलेला होता, तूच लिहिलं आहेस. मोठी पुडी मी आधीच ओढ्यात सोडली होती.

इथपर्यंत सगळं नीट झालं. पुढचं ऐक.

दुपारी सकुबाई सोनं द्यायला आली. आईने तिला बसवलं, सेल दाखवला, आणि मोठ्याने म्हणाली, "येवढासा सेल गेला व्हता. मशीनला काय पन नाय झाला. कसा व्हईल? महिनाभर माळ्यावर धुरात ठेवला व्हता मी! नायतर कुजलाच व्हता." सकुबाई म्हणाली, "अगो, मग माझ्या सुनेचा मिक्सर पन ठेवते." आई म्हणाली, "ठेव, ठेव. पन चूल इझू देऊ नको." आबांना असा ठसका लागला की ते पाणी प्यायला आत गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

आता ती हे सगळ्या पाड्याला सांगत फिरते आहे. मला काही बोलता येत नाही. सकुबाईचा मिक्सर तुझ्याकडे येईल, तेव्हा तो धू, आणि सेल गेला होता असं सांगू नकोस, कारण मिक्सरला सेल नसतो.

पुढच्या पावसात मशीन परत माळ्यावर जाणार, याची मला खात्री आहे. त्यावर एकच उपाय आहे, तो म्हणजे पावसात मी घरी असणं. मुकादमाला आज सकाळी फोन करून नाही म्हणालो. अडखळलो, पण सांगितलं. पुढच्या आठवड्यात कापणी आहे.

आज पहाटे मी कोयती घेऊन निघालो तेव्हा आबा मागून आले. म्हणाले, "घरात लाकडा हायेत की. कशाला आनतोस?" मी म्हणालो, "जुलै-ऑगस्टमध्ये जास्तीची जळली." ते पुढे चालायला लागले, आणि चांगली वाळकी लाकडं कुठे आहेत ते त्यांनीच दाखवलं.

हिशोब लिहितो. चुकला असेल तर कळव.

खर्च:
सेल, ४० रुपये.
स्पिरिट, १२० रुपये.
पंढरीला, खोका नेण्या-आणण्याचे, ८० रुपये.
भूमिकाला नवीन खोडरबर, ५ रुपये.
एकूण २४५. पैकी सेल आणि स्पिरिटचे १६० या पाकिटात आहेत.

देणं:
तुझी मजुरी. तू घेणार नाहीस, तरी १५० लिहून ठेवले आहेत.
आईची लाकडं, अंदाजे तीन भारे. नक्की किती ते तिला विचारता येत नाही. पैकी एक आज दिला. दोन बाकी.

तुझा,
संदेश